तिसऱ्या मुड्याबाबत

मु. गंजाड, ता. डहाणू
८ एप्रिल २०१७

तीर्थस्वरूप हाल्या भावोजी आणि पुतळीबाय यांना लक्ष्याचा पाया पडून नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. किती उशीर झाला ते मीच सांगतो, नाहीतर भावोजी बोटांवर मोजत बसतील. मागच्या मे महिन्यापासून आज अकरा महिने झाले. मध्ये चार पत्रे लिहिली होती. पहिल्यात राग जास्त झाला, दुसऱ्यात कमी पडला, तिसऱ्यावर चहा सांडला आणि चौथे आमच्या सोमीने चूल पेटवायला घेतले. (बायकोला वाचता येत नाही याचा मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा आनंद झाला.) फोन केला असता, पण भावोजी माझा फोन उचलत नाहीत, आणि उचलला तरी मला कमी ऐकू येत असल्याने घरचे लोक फोन मोठ्या आवाजावर ठेवतात. मग माझी प्रत्येक गोष्ट अर्ध्या पाड्याला कळते. म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या चिमणच्या हाती देत आहे. तो तलासरीच्या बाजाराला जातो, तिथून उधव्याला येईल. त्याला वाचता येते, पण त्याचा चष्मा फुटलेला आहे, म्हणून माणूस भरवशाचा.

भावोजींचा गुडघा कसा आहे? सरकारी गोळ्या घेऊ नका, त्यांनी फक्त झोप येते. पुतळीबायच्या डोळ्यांचे झाले का? तुमच्या रघ्याची बायको भारती बारावी शिकलेली आहे, ती तुम्हाला हे पत्र वाचून दाखवत असेल. तिला आशीर्वाद. तिच्याच हळदीत मी जे बोललो ते तिने ऐकलेच असेल, नवीन सुनेच्या कानावर असे पडायला नको होते. पण चूक माझी नव्हती. आपल्या घराण्याची रीत तिला कोणी सांगितली नसेल तर मी सांगतो. बियाण्याचे भात पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच दोरीने आवळून, मोगरीने ठोकून एकदा मुडा बांधला की तो पेरणीच्या दिवशी शेतातच सोडायचा, देवाला नारळ दाखवून. त्याआधी दोरीला बोट लावायचे नाही. बहिणीच्या घरी माहेरच्या बियाण्याचा एक मुडा जातो, त्यालाही तीच रीत. आणि भावोजींनी मागच्या वर्षी पेरणीच्या महिनाभर आधी मुडा फोडला. का, तर आत किडा लागला आहे का ते बघायला. किडा नव्हता. त्यावर मी दोनशे माणसांत म्हटले की ज्याला एक महिना दम निघत नाही त्याने भात लावू नये, मुळे विकावेत, आणि यापुढे माझ्या घरचे बी या दारात येणार नाही. हे शब्द कडक होते, पण खरे होते. तरीही यंदा होळीला सोमीने मला न विचारता तुमच्याकडे एक मुडा पाठवून दिला असे कळले. बायकांचे बायका बघतात, मी त्यावर काही बोललो नाही. बरेच झाले. मुडा पोचला ना? कोरड्या जागी आहे ना? उंदरांचा त्रास नाही ना?

असो. इथली हकिगत अशी की आम्ही घर घेत आहोत. म्हणजे आमचा उमेश घेत आहे आणि बाप म्हणून मी सहन करत आहे. उमेश वायरमन आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. वारा सुटला की तार तुटते, तार तुटली की साहेबाचा फोन येतो, आणि हा गंजाडहून डहाणूला पोचेपर्यंत तिकडचे लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्या सात पिढ्यांत पहिला नंबर माझाच लागतो. म्हणून त्याने डहाणूजवळ सरावलीला फ्लॅट बघितला. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकाचा ओटा आणि एक गॅलरी. त्या गॅलरीत बसून तांदूळ पाखडायला घेतले तर कोंडा खालच्या माणसाच्या चहात जाईल. मी विचारले, कोंबड्या कुठे ठेवायच्या? सूनबाई संगिता म्हणाली, ‘‘बाबा, कोंबड्या इथेच राहतील, गंजाडला.’’ म्हणजे कोंबड्यांना अंगण आणि माणसांना गॅलरी.

घर अमृत मास्तरांचे आहे. उमेश त्यांच्या हाताखाली शिकला. मास्तर आता म्हातारपणी मुलाकडे बिलिमोऱ्याला जाणार. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. (घरात तीन घड्याळे आहेत आणि तिन्हीत वेगळी वेळ आहे. शिक्षकाच्या घरी असे असावे याचे नवल वाटले, एवढेच.) पण मधे एक नविन नावाचा एजंट आहे. हा चष्मा डोळ्यांवर न घालता डोक्यावर घालतो. त्याला काहीही विचारा, तो म्हणतो, ‘‘काका, टेन्शन नाय लेवानु.’’ मी म्हटले, रजिस्ट्रेशनला काय काय लागते ते सांग. म्हणाला, टेन्शन नाय लेवानु. मी म्हटले, हे कागदावर लिहून दे. तर त्याने खरोखर एक कागद लिहून दिला आणि त्यात एकोणीस गोष्टी निघाल्या. म्हणजे टेन्शन होतेच, फक्त त्याने ते स्वतःजवळ ठेवले होते.

त्यातली एक गोष्ट म्हणजे बँकेच्या वकिलाचा शोध. वकील म्हणाला, तीस वर्षांचा शोध घ्यावा लागेल. कशाचा, तर ती जागा आधी कोणाची होती याचा. मी समोरच बसलो होतो. मी म्हटले, साहेब, मला विचारा ना. तिथे गवत होते. गवताच्या व्यापाऱ्याचा माळ होता तो, माझ्या बापाने तिथे गवत कापले, मी भारे बांधले, आणि मधल्या खळग्यात पावसाळाभर गुडघ्याएवढे पाणी असायचे. त्यात मासे मिळायचे. जिथे आज इमारतीचा जिना आहे, बरोबर तिथे. वकिलाने विचारले, ‘‘याचा काही कागद आहे का तुमच्याकडे?’’ मी म्हटले, कोयता आहे, तेव्हाचाच. तो हसला नाही. बारा दिवसांनी त्याचा चार पानी अहवाल आला. त्यात सगळे व्यवस्थित असल्याचे लिहिले होते. पाण्याचा उल्लेख नव्हता, माशांचा तर नाहीच.

मग घराची किंमत ठरवायला बँकेचा एक माणूस आला. त्याच्या हातात काडेपेटीएवढे यंत्र होते, त्यातून तांबडा ठिपका भिंतीवर पाडायचा आणि आकडा लिहायचा. दहा मिनिटांत गेला. एक नळ उघडला नाही, एक खिडकी लावून बघितली नाही. बैल घेताना माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, आणि इथे घराला नुसता ठिपका. मला राहवेना. मास्तर तीन महिन्यांसाठी मुलाकडे गेले होते आणि किल्ली उमेशकडे होती, ती घेऊन मी स्वतः तपासायला गेलो. सगळे नळ एकदम सोडले. भिंती काठीने ठोकत गेलो. मग ऊन कुठे येते ते बघायला मधल्या खोलीत जमिनीवर आडवा झालो. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची बाई वर आली.

‘‘तुम्ही कोण? मास्तर कुठे आहेत?’’

‘‘मी हे घर घेणारा आहे.’’

‘‘मग भिंतींना का मारता?’’

‘‘आतून पोकळ आहेत का ते बघतो.’’

‘‘आमच्या छताचं प्लास्टर पडलं खाली.’’

‘‘म्हणजे आहेत पोकळ,’’ मी म्हटले, आणि तिला धन्यवाद दिले. तिने उमेशला फोन केला. उमेशने माझ्याकडून किल्ली मागून घेतली. (त्या बाईचे नाव निर्मला. आता जन्मभर तिच्याच डोक्यावर राहायचे आहे.)

रजिस्ट्रेशनची तारीख सोमवार, १७ एप्रिल ठरली आहे. तयारी अशी चालली आहे की जणू मला पुन्हा बोहल्यावर चढवायचे आहे. फोटो काढले, त्यात मी कोंबडीचोर दिसतो. वरून आता अंगठ्याची भानगड निघाली. त्या कचेरीत यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो आणि आपल्यासारख्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात, त्या यंत्राला दिसत नाहीत. मी म्हटले, मी पाचवी शिकलो आहे, झोकदार सही करतो. नविन म्हणाला, सही पण आणि अंगठा पण. म्हणजे माझ्या बापाने मला शाळेत घातले ते उगाच. आता सतरा तारखेपर्यंत कोयता धरायचा नाही, विळा धरायचा नाही, दोरी वळायची नाही, आणि सकाळ-संध्याकाळ अंगठ्यांना खोबरेल लावून बसायचे. सोमी एकटी सरपण फोडते आणि मी ओटीवर दोन्ही अंगठे वर करून बसलेला. येणारे-जाणारे विचारतात, लक्ष्याला काय झाले? ती सांगते, त्याचे अंगठे शहरात जाणार आहेत.

माझा अंगठा कशाला लागतो, असे तुम्ही विचाराल. उमेशने कागदावर माझे नाव घातले आहे. माझे आधी, त्याचे नंतर. मला विचारलेही नाही. मी म्हटले, मी काय तिथे राहणार आहे? जिथे शेजारची भिंत आपलीच भिंत असते तिथे मी एक दिवस राहणार नाही. म्हणाला, ‘‘नका राहू, पण नाव राहू दे.’’ शिकलेल्या मुलांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता कागदांचे सांगतो. मास्तरांच्या घराचे मूळ कागद म्हणजे त्यांच्या खरेदीचा दस्त आणि सोसायटीचा दाखला. ते मास्तरांनी जानेवारीत जाताना बँकेच्या वकिलाला दाखवण्यासाठी उमेशच्या हातात दिले, नुसत्या विश्वासावर. वकिलाने बघितले, परत दिले. त्याच आठवड्यात उमेशला ट्रेनिंगसाठी नाशिकला जावे लागले. तो कागद माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘‘बाबा, हे बँकेत जमा करेपर्यंत जिवापाड सांभाळा.’’ मी सांभाळले. पेटीत ठेवले नाहीत, पेटीला वाळवी आहे. कपाटात ठेवले नाहीत, कारण संगिता दर रविवारी कपाट आवरते आणि तिने आवरले की वस्तू सहा महिने सापडत नाही. देवाजवळ तेल सांडते. म्हणून मी असे ठिकाण निवडले की जिथे वाळवी नाही, ओल नाही, उंदीर नाही आणि पावसाळ्यापर्यंत कोणाचाही हात लागणार नाही. ते कुठले ते पत्रात लिहिणे योग्य नाही. त्या दिवसापासून उमेश मला विचारतो, बाबा, फाइल नीट आहे ना? मी सांगतो, नीट आहे. असे मी अकरा वेळा सांगितले असेल आणि होळीपर्यंत ते अगदी खरे होते.

मी नविनला सहज, कोणाचे नाव न घेता विचारले, मूळ कागद हरवला तर काय होते? म्हणाला, पोलिसांत तक्रार, मग वर्तमानपत्रात जाहिरात, की अमुक इसमाकडून कागद गहाळ झाले आहेत, आणि तोपर्यंत बँक एक पैसा सोडत नाही. आणि मास्तर पंधरा तारखेला येऊन सतराला सह्या करून कायमचे जाणार आहेत, ते थांबणार नाहीत. उंबरगावचा एक माणूस तेच घर मागत बसला आहे. म्हणजे माझे नाव एकतर घराच्या दस्तावर छापून येणार, नाहीतर पेपरात. एवढे सांगून नविन म्हणाला, ‘‘पण काका, तुम्ही टेन्शन नाय लेवानु, कागद तर तुमच्याकडे आहेत.’’ हा माणूस मला कधीच आवडला नाही.

बाकी सर्व ठीक आहे. उन्हाळा कडक आहे, मोह यंदा बरा पडला. तुमच्याकडे गेलेल्या मुड्यावरून आठवले. सोमीने घाईत चुकीचा मुडा पाठवला असे दिसते. त्यात उशिरा पिकणारे गरवे भात गेले आहे, तुमच्या उताराच्या वरकस जमिनीला ते चालणार नाही. तरी तो न सोडता तसाच परत पाठवावा, मी बदलून दुसरा देतो. घाई नाही. पण १५ तारखेच्या आत.

तुमचा मेव्हणा,
लक्ष्या

ता. क. – मुडा चिमणच्या टेम्पोत टाकू नये. त्याच्या टेम्पोत मागे मासळीचे बर्फ असते. भावोजींनी स्वतः मांडीवर घेऊन एसटीने आणावा.

ता. क. – गरव्या भाताचे मी जे लिहिले ते खरे नाही. बी चांगले आहे, नेहमीचेच आहे. जानेवारीत आम्ही मुडे बांधत असताना सोमी पाणी आणायला गेली, तेव्हा मी कागदांची गुंडाळी करून उमेशच्या वायरिंगच्या पाइपात घातली, दोन्ही तोंडे मेणाने बंद केली आणि पाइप तिसऱ्या मुड्याच्या मधोमध भातात ठेवला. पेरणीपर्यंत मुड्याला कोणी हात लावत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. मुडा आखाच्या आखा दुसऱ्या तालुक्यात जाईल हे मात्र सुचले नाही. माझ्या जागेत दोष नव्हता.

ता. क. – वरचे भारतीने मोठ्याने वाचू नये. वाचले असेल तर पाड्यात कोणाला सांगू नये. आणि उमेशचा फोन आला तर भावोजींनी गुडघ्याबद्दल बोलावे.

ता. क. – आता भावोजी म्हणतील की पेरणीला दोन महिने आहेत आणि मुडा फोडायचा नाही ही लक्ष्याचीच रीत. म्हणतीलच, मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हटले असते, आणि दोनशे माणसांत म्हटले असते. मी त्यावर फार विचार केला. रीत बियाण्यासाठी आहे, पाइपासाठी नाही. तरी मुडा इथे आमच्या अंगणात आणावा, दोरी भावोजींनी स्वतःच्या हाताने सोडावी, नारळ मी आणतो. मुळे विकण्याचे मी जे बोललो होतो ते परत घेतो, पण त्या एका मुड्यापुरतेच.

ता. क. – पुतळीबायनेही बरोबर यावे. होळीनंतर माळ्यावर बघितले तर तीनऐवजी दोनच मुडे. तिघांतला नेमका कोणता तुमच्याकडे गेला हे सोमीला विचारता येईना, म्हणून पाइप त्या दोघांत आहे का ते बघायला मी दोन्ही फोडले. नव्हता. किडाही नव्हता. मला ते पुन्हा बांधता आले नाहीत, आपल्या घरी मुडे बापाच्या हाताखाली तूच बांधायचीस आणि लग्नानंतर सोमीने ते काम घेतले. मी दोरी गुंडाळून वर गोणपाट टाकून ठेवले आहे. सोमी माळ्यावर चढायला लागली की मी तिला काहीतरी काम काढून खाली बोलावतो. तू येऊन, ती नदीवर गेली असताना, दोन्ही आवळून दे. शिवाय दोरी कापताना माझा उजवा अंगठा फाटला आहे. नविनला अजून दाखवलेला नाही.

ता. क. – कचेरीत दोन साक्षीदार लागतात, आम्हाला ओळखणारे. एक नविन आहे. तो मला तीन महिने ओळखतो आणि तेही चुकीचे. दुसऱ्या जागी उमेशने परस्पर भावोजींचे नाव दिले आहे, मला परवा कळले. मी हरकत घेतलेली नाही. आधार कार्ड आणावे आणि अंगठ्याला आजपासूनच खोबरेल लावायला घ्यावे. मास्तरांकडून ताबा मिळाला की त्या गॅलरीत सकाळचे ऊन कुठपर्यंत येते ते तुम्हाला दाखवीन. दोन माणसांना बसता येते, मी पाट टाकून मोजले आहे.

चिमण संध्याकाळपर्यंत उधव्यात थांबणार आहे. त्याच्याजवळ निरोप लगेच द्यावा. त्याला सविस्तर काही सांगू नका, ‘मुडा बंद आहे’ एवढेच सांगा. आणि फोडला असेल तर तेही सांगा, मी काही बोलणार नाही.